समुद्र न पाहिलेल्या बायांनी शर्यत कशी पाहिली

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कोणी चुलीपाशी बसून ऐकत असाल, कोणी गटाची बैठक आटोपून, कोणी वावरातून येता येता. सगळ्यांना आमचा नमस्कार.

दर वेळी आम्ही कर्जाचे हप्ते, शेळ्या, मसाला, बँकेचे कागद यांवर बोलतो. आज बोलणार आहोत समुद्रातल्या होड्यांच्या शर्यतीवर. हसू नका. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून समुद्र सहा-सातशे किलोमीटर दूर. आमच्या गटात चौदा जणी, त्यांतल्या समुद्र पाहिलेल्या फक्त तिघी. त्याही मुंबईला दवाखान्याच्या कामानं गेलेल्या, चौपाटीवर पाय भिजवून आलेल्या. तरी आम्ही जवळपास आठ महिने एक शर्यत पाहिली. तिच्यापायी आमच्या गटात एक गोष्ट घडली, ती शेवटी सांगू. आधी ही शर्यत काय असते आणि घरबसल्या ती कशी पाहायची ते सांगतो.

सुरुवात अशी झाली. २०२२ चा सप्टेंबर होता. गटातल्या एका ताईची मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. बैठकीत तिनं बातमी वाचून दाखवली: भारतीय नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी एकट्यानं शिडाच्या होडीतून पृथ्वीला फेरी मारायला निघाले, आणि सोबत शर्यतीत एकच बाई आहे, दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. आमच्या एका काकू म्हणाल्या, "माय वं! एकटी बाई समुद्रात? अन् झोपते कवा?" त्या एका प्रश्नावर आम्ही अडकलो ते अडकलोच.

शर्यत काय असते

शर्यतीचं नाव गोल्डन ग्लोब रेस. ४ सप्टेंबर २०२२ ला फ्रान्सच्या ले साब्ल दोलोन या गावाहून १६ जण निघाले. नियम ऐकायला सोपे. एका होडीत एकच माणूस. कुठल्याही बंदरात थांबायचं नाही, कोणाची मदत घ्यायची नाही. खाली आफ्रिकेला वळसा, मग ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेनं, मग दक्षिण अमेरिकेचं टोक केप हॉर्न, आणि पुन्हा वर फ्रान्स. सगळं मिळून जवळपास ५० हजार किलोमीटर.

होडी किती मोठी? ३२ ते ३६ फूट लांब. आपली एसटी बस डोळ्यांपुढे आणा, साधारण तेवढीच. तिच्यातच झोपणं, स्वयंपाक, पाण्याचा साठा, आठ-नऊ महिन्यांचं अन्न, सुटे भाग, दोरखंड. प्यायचं पाणी म्हणजे सोबत नेलेलं आणि पाऊस आला की शिडावरून निथळणारं, भांड्यात धरलेलं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या बायांना हे समजावून सांगायची गरज पडली नाही.

वेग ऐकाल तर नवल वाटेल. कर्स्टनला पूर्ण फेरीला २३५ दिवस लागले. भागाकार केला तर दिवसाला दोनशे किलोमीटरच्या थोडं वर, तासाला नऊ. म्हणजे सायकलवर निवांत जाणाऱ्या माणसाचा वेग. फरक एवढाच, की ही सायकल रात्रंदिवस थांबत नाही.

आता काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. होडीच्या मागे वाऱ्यावर फिरणारी एक पाती असते. वारा कुठल्या बाजूनं घ्यायचा ते एकदा ठरवून दिलं, की होडी जरा वाकडी झाली तरी ती पाती सुकाणू फिरवून तिला पुन्हा वाटेवर आणते. तेवढ्या भरवशावर माणूस थोडी थोडी झोप घेतो. बाळंतीण घेते तशी. डोळा लागतो, पण कान जागे. ही पाती मोडली तर झोपेचा प्रश्न, आणि झोप नाही तर पुढचं सगळंच अवघड. अभिलाष टॉमींची ही यंत्रणा वाटेत मोडली, तेव्हा त्यांनी होडीतल्या टॉयलेटचं दार कापून तिचा भाग तयार केला. घरात मोडलेली वस्तू फेकायच्या आधी दहादा पाहणाऱ्या आमच्या बायांना हा माणूस त्याच दिवशी आवडला.

दुसरा प्रश्न आला: वारा समोरून आला तर होडी पुढे कशी जाते? उत्तर आपल्या घाटात आहे. गाडी सरळ चढत नाही, नागमोडी जाते. होडीही वाऱ्याला एकदा डावी आणि एकदा उजवी बाजू देत तिरपी तिरपी पुढे सरकते. आणि ती उलटून का पडत नाही? तिच्या पोटाखाली जड धातूचं वजन असतं. मुलांची ती ढकलली तरी उभी राहणारी बाहुली असते ना, तसं. मोठी लाट होडीला पार आडवी पाडते, कधी पूर्ण गोल फिरवते, पण वजन तिला परत सरळ करतं. आतल्या माणसाचं आणि डोलकाठीचं काय होतं, ती गोष्ट वेगळी.

दिशा कशी कळते

या शर्यतीची खरी गंमत म्हणजे जुन्या काळचीच साधनं वापरायची. मोबाईलचा नकाशा नाही, उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र नाही. कागदी नकाशे, होकायंत्र, घड्याळ आणि सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं सेक्सटंट नावाचं उपकरण. उपग्रहाचं यंत्र सोबत असतं, पण मोहोरबंद पेटीत. जीवावर बेतलं तरच ते उघडायचं.

यातलं थोडं तुम्ही आज रात्री अंगणात करून पाहू शकता. उत्तरेला तोंड करा. हात सरळ समोर लांब करून मूठ वळा. एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवा. दोन मुठींवर ध्रुवतारा सापडेल, कारण आपला जिल्हा विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे वीस अंशांवर आहे. काश्मीरला गेलात तर ध्रुव साडेतीन मुठींवर जाईल, कन्याकुमारीला एका मुठीच्याही खाली येईल. म्हणजे ध्रुवाची उंची मोजली की आपण उत्तर-दक्षिण कुठे आहोत ते कळलं. विषुववृत्त ओलांडून खाली गेल्यावर ध्रुव दिसत नाही. तिथे भर दुपारच्या सूर्याची उंची मोजून हेच गणित करतात.

पूर्व-पश्चिम कळायला घड्याळ लागतं. कोलकात्याला सूर्य डोक्यावर येतो, त्यानंतर साधारण तासाभरानं तो मुंबईला येतो. तासाला पंधरा अंश. आपल्या घड्याळात एका ठरलेल्या गावची वेळ लावून ठेवली आणि इथली दुपार किती वाजता झाली ते पाहिलं, की आपण त्या गावापासून किती दूर ते निघतं. हे आम्ही बैठकीत टॉर्च आणि नारळ घेऊन करून पाहिलं. तीन जणींना लगेच कळलं, बाकीच्यांना दुसऱ्या बैठकीत. आम्ही बीएला भूगोल घेतला होता, पण आम्हालाही ते तेव्हाच नीट कळलं, हे कबूल करतो.

आम्ही ती कशी पाहिली

होड्यांवर जागा कळवणारं एक यंत्र बसवलेलं असतं. ते माणसाला काही दाखवत नाही, पण किनाऱ्यावरच्यांना दर काही तासांनी होडीची जागा कळवतं. त्यामुळे गंमत अशी होते, की समुद्रातल्या माणसाला आपण कुठे आहोत याचं गणित करावं लागतं आणि यवतमाळातल्या बाईला ते मोबाईलवर आयतं दिसतं. आठवड्यातून एकदा आयोजक प्रत्येकाशी सॅटेलाइट फोनवर बोलतात, तब्येत विचारतात. ते बोलणं सगळ्यांना ऐकायला ठेवतात. इंग्रजी असतं. परीक्षेचा अभ्यास करणारी आमची पोरगी ऐकायची आणि आम्हाला वऱ्हाडीत सांगायची.

शाळेच्या गुरुजींनी जगाचा एक जुना, कडा फाटलेला नकाशा दिला. त्यावर आम्ही सोळा टिकल्या लावल्या. कर्स्टनची लाल, अभिलाष टॉमींची हिरवी, बाकीच्यांच्या काळ्या. दर बैठकीला बचत गोळा झाली की टिकल्या सरकवायच्या. जो शर्यत सोडेल त्याची टिकली नकाशाच्या कडेला. सप्टेंबरात सोयाबीनची गडबड होती, ऑक्टोबरपासून कापूस वेचणी. तरी बैठकीला यायच्या आधीच बाया विचारायच्या, "लाल टिकली कुठवर गेली?"

चाहतं होणं म्हणजे काय, ते आम्हाला तेव्हा कळलं. टीव्हीवरच्या क्रिकेटमध्ये चेंडू दिसतो, धाव दिसते. इथे दिसतो एक ठिपका. तो चार दिवस हललाच नाही तर वारा पडलाय का काही मोडलंय, याचा विचार आपल्यालाच करावा लागतो. रात्री आपल्याकडे वादळ सुटलं, टिनाचं छप्पर वाजायला लागलं, की मनात यायचं, तिकडे काय चाललं असेल? गटातली एक ताई एकटी राहते, दोन लेकरं वाढवते. ती एकदा म्हणाली, "मले झोप नाही आली की मी म्हणतो, ती तरी कुठे झोपली असंन."

नोव्हेंबरची ती रात्र

१८ नोव्हेंबर २०२२. फिनलंडचे टापियो लेहतिनेन यांच्या होडीत दक्षिण आफ्रिकेच्या खाली एकाएकी मागच्या बाजूनं पाणी शिरलं. थोड्याच मिनिटांत होडी बुडाली. ते हवेच्या तराफ्यावर उतरले. आजूबाजूला शेकडो मैल पाणी. आयोजकांनी जवळच्या स्पर्धकांना कळवलं. कर्स्टन सुमारे शंभर मैलांवर होती. तिनं शर्यत बाजूला ठेवली, होडी वळवली आणि रात्रभर हातानं सुकाणू धरून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाटांच्या आड-उभ्या खेळात तो तराफा शोधला आणि टापियोंना आपल्या होडीवर घेतलं. मग तिकडे वळवलेलं 'दर्या गायत्री' नावाचं मालवाहू जहाज आलं, त्यांना जहाजावर चढवलं आणि ती पुन्हा आपल्या वाटेला लागली.

बैठकीत यावर मोठा वाद झाला. एक जण म्हणाली, एवढा वेळ गेला, हरली तर? दुसरी म्हणाली, न जाती तर जिंकून काय केलं असतं? शर्यतीच्या नियमानं नंतर तिला ३५ तासांची भरपाई मिळाली. पण निघताना तिनं तासांचा हिशेब केला नव्हता. समुद्रात एक जुना रिवाज आहे: बुडणारा दिसला की बाकी सगळं नंतर. अभिलाष टॉमींना याचा अनुभव होता. २०१८ च्या शर्यतीत २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला वादळात त्यांची होडी उलटली, डोलकाठी मोडली, पाठीच्या मणक्याला इजा झाली. हलता येत नव्हतं. आपल्या नौदलाच्या विमानानं त्यांना शोधलं आणि तीन दिवसांनी फ्रान्सच्या 'ओसिरिस' जहाजानं बाहेर काढलं. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांचीही डोलकाठी मोडली होती. तरी ते मोडक्या होडीला जुगाडाचं शीड लावून अभिलाष टॉमींकडे निघाले होते. पाठीत धातूची सळई बसवून, चालणं पुन्हा शिकून हा माणूस चार वर्षांनी त्याच शर्यतीत उतरला होता.

शेवट सांगायचा तर, १६ जणांपैकी पूर्ण फेरी न थांबता मारणारे तिघेच. २७ एप्रिल २०२३ ला रात्री कर्स्टन पोचली, पहिली. किनाऱ्याला येईपर्यंत आपण जिंकलो हे तिला माहीत नव्हतं. एकट्यानं जगाला फेरी मारायची शर्यत जिंकणारी ती पहिली बाई. तिला मिळालेले ३५ तास धरले नसते तरी ती पहिलीच होती. २९ एप्रिलला अभिलाष टॉमी दुसरे आले. आम्ही गुळाचा चहा केला आणि लाल, हिरवी अशा दोन्ही टिकल्या फ्रान्सवर शेजारी शेजारी लावल्या.

पहिल्या शर्यतीची गोष्ट

आता मागे जाऊ. ही शर्यत पहिल्यांदा झाली १९६८ मध्ये. नऊ जण निघाले आणि परत आला एकच, इंग्लंडचा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला. त्याच्या होडीचं नाव 'सुहैली', आणि ती बांधलेली होती आपल्या मुंबईत, कुलाब्याला, सागवानाची. साग काय असतो ते आपल्याला सांगायला नको, आपल्या घरांच्या चौकटी त्याच्याच. वाटेत त्याचा रेडिओ बंद पडला, चार महिन्यांहून अधिक काळ घरच्यांना तो आहे की गेला हेच माहीत नव्हतं.

त्या नऊ जणांत एक होता डोनाल्ड क्रोहर्स्ट. घरी बायको, चार लेकरं. धंदा मंदीत. त्यानं शर्यतीसाठी नवी होडी बांधून घेतली ती दुसऱ्याच्या पैशावर, आणि घर गहाण टाकून. करार असा होता, की शर्यत अर्धी सोडली तर होडीची किंमत त्यानंच फेडायची. होडी घाईनं बांधलेली. निघाल्यावर थोड्याच दिवसांत ती गळायला लागली. पुढे गेलं तर बुडायची भीती, मागे फिरलं तर कर्जात बुडायची. त्यानं तिसरी वाट काढली. अटलांटिक समुद्रातच फिरत राहिला आणि रेडिओवर खोट्या जागा कळवत राहिला. एका वहीत खरं लिहायचा, दुसरी खोटी रचत होता. तिकडे लोक खूश, की गडी भलताच वेगात चाललाय.

त्या खोट्या नोंदीचं काय झालं पाहा. नायजेल टेटली नावाचा दुसरा स्पर्धक जवळपास फेरी पूर्ण करून परत येत होता. क्रोहर्स्ट मागून वेगानं येतोय असं समजून त्यानं आपली आधीच खिळखिळी झालेली होडी ताणली. घर हजारेक मैलांवर आलेलं असताना ती मोडून बुडाली. तो वाचला. पण आता वेगाच्या बक्षिसाचा मान क्रोहर्स्टकडे येणार, सगळे त्याची वही तपासणार, हे त्याच्या लक्षात आलं. जुलै १९६९ मध्ये त्याची होडी समुद्रात रिकामी सापडली. त्याच्या वह्या होडीतच होत्या. तो परत आला नाही.

नॉक्स-जॉन्स्टनला ५ हजार पौंडांचं बक्षीस मिळालं. त्यानं ते सगळं क्रोहर्स्टच्या बायकोला आणि लेकरांना दिलं.

ही गोष्ट आम्ही २०२३ च्या जानेवारीतल्या बैठकीत सांगितली. कापूस घराघरांत पडून होता, भावाची वाट पाहत. गोष्ट संपल्यावर कोणी काही बोललं नाही. आपल्या जिल्ह्यात कर्ज आणि न परतलेला माणूस या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या, की प्रत्येकीला कोणी ना कोणी आठवतं.

आमच्या वहीतलं

दुसऱ्या दिवशी गटाच्या सचिव ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, माही वही तपासून घ्या." आम्ही गेलो. एका सदस्येचे तीन हप्ते वहीत जमा दाखवले होते, पेटीत ते पैसे नव्हते. त्या सदस्येनं गटाच्या कर्जासोबत बाहेरून आणखी एक कर्ज घेतलं होतं, नवऱ्यालाही न सांगता. तिची लाज जाऊ नये म्हणून सचिव ताईंनी मैत्रिणीखातर तीन महिने खोटं लिहिलं. एक पैसा स्वतःसाठी घेतला नव्हता. पण दुसऱ्या एका बाईला तिच्या मुलीच्या फीसाठी कर्ज हवं होतं, आणि वहीत शिल्लक दिसत असून पेटीत पैसे कमी होते. टेटलीची होडी आम्हाला तिथेच दिसली.

आणि आमचं सांगतो. त्या तीनही महिन्यांच्या पानांवर आमची सही होती. रोकड मोजून पाहिली नव्हती. वेळ कमी होता, विश्वास होता. ही चूक आमची, ती बैठकीत आम्ही उभं राहून सांगितली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन बैठका भांडणात गेल्या. एक सदस्य रागानं गट सोडून गेली, ती अजून परत आली नाही. मग वाट सापडली, तीही शर्यतीतूनच. या शर्यतीत एक नियम आहे. कोणाला एकदा बंदरात थांबावंच लागलं, तर तो बाद होत नाही. त्याचा वर्ग बदलतो, पहिल्या वर्गातलं बक्षीस जातं, पण फेरी पूर्ण करता येते. सायमन कर्वेन नावाचे इंग्लंडचे स्पर्धक सगळ्यांच्या पुढे होते, त्यांची वाऱ्याची पाती मोडली, दुरुस्तीला त्यांना चिलीत थांबावं लागलं. ते थांबले, दुरुस्ती केली, पुन्हा निघाले आणि मानानं घरी पोचले. आमची ती अभ्यासू पोरगी म्हणाली, "मग आपल्या गटात असा वर्ग काहून नाही?"

आता आहे. हप्ता भरणं होत नसेल तर बाईनं बैठकीत तसं सांगायचं. वहीत खरं लिहायचं: 'थांबली'. हप्ता लहान करून मुदत वाढवायची. तेवढा काळ तिला नवं कर्ज नाही, पण ती गटात, तिची बचत चालू. आणि समन्वयकानं पेटी मोजल्याशिवाय सही करायची नाही. त्या सदस्येनं सगळं घरी सांगितलं, पहिले काही दिवस वाईट गेले. चौदा महिन्यांत तिनं गटाचं कर्ज फेडलं.

कोणाच्या घरी माणूस गप्प गप्प राहत असेल, रात्र रात्र जागत असेल, तर विचारायला लाजू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, मराठीत बोलता येतं. तो भिंतीवर लिहून ठेवा.

पुढची शर्यत

समुद्र आपला नाही असं म्हणू नका. एकट्यानं जगाला फेरी मारणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे. २००९ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईहून निघाले आणि २०१० च्या मेमध्ये परत आले. त्यांची 'म्हादेई' होडी गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधली, आणि हे सगळं घडावं म्हणून पाठीशी लागले होते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. त्याच गोव्यात बांधलेल्या 'तारिणी'तून नौदलाच्या सहा मुली २०१७-१८ मध्ये जगाला फेरी मारून आल्या. २ ऑक्टोबर २०२४ ला दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परतल्या. त्यांना शिकवणारे कोण? अभिलाष टॉमी.

गोल्डन ग्लोब चार वर्षांनी होते, पुढची २०२६ च्या सप्टेंबरमध्ये ठरली आहे. तुमच्या गटाला पाहायची असेल तर लागतं ते एवढंच: जगाचा एक नकाशा, टिकल्यांचं एक पाकीट, इंटरनेट असलेला एक मोबाईल आणि थोडं इंग्रजी वाचणारी एक पोरगी. प्रत्येकीनं एक एक होडी आपली म्हणून घ्यावी. जिंकणारीच निवडू नका, शेवटच्या नंबरवालीही घ्या, तिची काळजी जास्त लागते. दर बैठकीत टिकली सरकवा आणि ती का थांबली, का वळली, ते एकमेकींना विचारा. ज्याची टिकली कडेला जाईल त्याचं नाव तिच्याजवळ लिहून ठेवा.

आमचा जुना नकाशा अजून भिंतीवर आहे. त्याच्या कडेला टापियोंची काळी टिकली आहे. काकूंनी तिच्याभोवती खडूनं गोल काढून खाली लिहिलंय: 'वाचला'.

येतो मग. नमस्कार.